कारखान्यातील रसायनसंपर्काचे दीर्घकालीन परिणाम

कामाच्या जागी श्वासावाटे, त्वचेवाटे किंवा तोंडावाटे रसायने थोड्याथोड्या प्रमाणात वर्षानुवर्षे शरीरात गेल्याने होणारे विकार. वायुगळतीच्या अपघातात विषबाधा तासाभरात दिसते. इथे मात्र त्या दिवशी काहीच होत नाही. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग पहिल्या संपर्कानंतर बहुधा २० ते ५० वर्षांनी प्रकट होतो. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरला त्याचे जुने काम ठाऊक नसते.

धुराड्यांतील काजळी आणि कर्करोग यांचा संबंध ब्रिटिश शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये मांडला. ॲनिलीन रंगांच्या कारखान्यातील मूत्राशयाच्या कर्करोगाची नोंद जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये केली. पीव्हीसी प्लास्टिक ज्यापासून बनते त्या व्हिनिल क्लोराइडमुळे यकृताचा एक अतिदुर्मीळ कर्करोग होतो, हे १९७४ मध्ये उघड झाले. तो इतका दुर्मीळ होता म्हणूनच एकाच कारखान्यातील मोजके रुग्ण डोळ्यांत भरले. नेहमीच्या रोगांमागचे रसायन असे सहज सापडत नाही.

अपाय होण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. शिसे आणि कॅडमियम साठून राहतात. रक्तातल्या शिशाचे अर्धायुष्य (निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे एक महिना, पण हाडातले शिसे दशकानुदशके टिकते आणि उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात येते. परिणामी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. बेंझिन अस्थिमज्जेवर आघात करते. रक्तपेशी घटतात आणि काहींना पुढे रक्ताचा कर्करोग होतो.

चिकटद्रव्यांत आणि ग्रीस काढण्याच्या द्रावकांत असणाऱ्या एन-हेक्झेनचे यकृतात २,५-हेक्झेनडायोन बनते आणि खरा घाव तेच घालते. आधी पायाच्या बोटांना मुंग्या येतात, मग पंजा उचलला जात नाही, हातांतली ताकद जाते, शर्टाचे बटण लावता येत नाही. द्रावकात मिथिल इथिल कीटोनही असेल तर हानी अधिक होते. काम थांबवल्यावरही अशक्तपणा काही आठवडे ते महिने वाढत राहू शकतो. त्यामुळे रसायन हे कारण नव्हेच, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सुधारणा होते, पण फार सावकाश आणि प्रत्येकाची पूर्ण होत नाही.

पॉलियुरेथेन फोम आणि स्प्रे-पेंटमधील आयसोसायनेटांचा प्रकार निराळा. एकदा त्यांची ॲलर्जी जडली की हवेतील ठरलेल्या मर्यादेहून कितीतरी कमी मात्रेनेही दमा उसळतो. धाप पुष्कळदा कामाची पाळी संपल्यावर, रात्री लागते. सुट्टीत बरे वाटणे आणि कामावर परतल्यावर त्रास सुरू होणे, ही निदानाची मोठी खूण. अशा कामगाराला त्याच शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवून भागत नाही.

हवेची मोजणी कामगाराच्या अंगावरच करावी लागते: कमरेला छोटा पंप आणि कॉलरपाशी, नाकापासून ३० सेंमीच्या आत, शोषक नळी. मर्यादा सहसा ८ तासांच्या सरासरीवर ठरतात. बेंझिनसाठी अमेरिकेतील सर्वसाधारण कायदेशीर मर्यादा १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आहे. पाळी १२ तासांची झाली की संपर्काचे तास वाढतात आणि शरीराला सावरायला मिळणारे तासही १६ वरून १२ वर येतात. म्हणून ब्रीफ-स्काला सूत्राने मर्यादा निम्म्यावर आणतात. वासावर विसंबू नये. बेंझिनचा वास सहसा ही मर्यादा ओलांडल्यावरच जाणवतो. ॲनिलीन, फिनॉल, कार्बन डायसल्फाइड ही त्वचेतूनही शिरतात. ते हवेच्या नमुन्यात दिसत नाही. त्यासाठी त्या-त्या रसायनाची रक्ताची किंवा लघवीची चाचणी लागते. एन-हेक्झेनसाठी लघवीचा नमुना पाळी संपताच घ्यावा, दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे घातक रसायन बदलणे किंवा प्रक्रिया बंदिस्त करणे. त्यानंतर वाफ उगमापाशीच ओढून घेणारी व्यवस्था. टाकीवर वरून छत्रीसारखा हूड टांगला आणि कामगार टाकीवर वाकून काम करत असेल, तर वाफ त्याच्या नाकासमोरूनच वर जाते. तिथे टाकीच्या कडेला बसवलेली, आडवी ओढणारी फट हवी. मास्क हा शेवटचा आधार, आणि चुका सर्वाधिक इथेच होतात. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. मास्कला लावायचे, वाफ शोषणारे कार्ट्रिज उघडे ठेवले तर वापराविनाही निकामी होत जाते. दाढी असेल तर मास्कच्या कडेने हवा आत शिरते. थिनरने हात धुण्याची सवयही वाईट, कारण त्वचेचे तेल जाते आणि रसायनाला वाट मोकळी होते. कामाचे कपडे घरी धुतल्याने शिसे आणि ॲस्बेस्टॉस कुटुंबापर्यंत पोहोचतात. कपडे धुणाऱ्या स्त्रियांना ॲस्बेस्टॉसमुळे कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत.

वैद्यकीय तपासणीचा उपयोग आधीच्या आकड्यांशी तुलना करता आली तरच होतो, म्हणून कामावर घेतानाचे रक्त, लघवी आणि श्वसनक्षमतेचे निकाल जपावे लागतात. ब्रिटनमध्ये घातक पदार्थांच्या नियमांनुसार आरोग्यनोंदी किमान ४० वर्षे ठेवाव्या लागतात. अमेरिकेत संपर्काच्या नोंदींसाठी ही मुदत ३० वर्षे आहे. कामगारानेही कोणत्या विभागात, कोणत्या रसायनावर, कोणत्या साली काम केले याची यादी स्वतःजवळ ठेवावी आणि दवाखान्यात दाखवावी.