एन्गसाचा कोट आणि काळा कोट

आयर्लंडच्या पश्चिमेस, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी असलेल्या अरन बेटांपैकी सर्वांत मोठ्या इनिश मोर बेटावर डून एन्गसा आणि डून डूखहर, म्हणजे काळा कोट, हे दोन प्राचीन कोट आहेत. दोन्ही दक्षिणेच्या समुद्रकड्यावर, चुना-माती न वापरता केवळ दगड रचून बांधलेले आहेत आणि दोहोंपुढे चाल करून येणाऱ्याला अडवण्यासाठी टोकदार दगड उभे रोवलेले आहेत. त्यामुळे छायाचित्रांत एकाच्या जागी दुसरा सहज खपून जातो.

समुद्र किती बाजूंनी आहे हे पाहिले की घोटाळा मिटतो. डून एन्गसा सुमारे १०० मीटर उंचीच्या सरळ कड्याला टेकलेला असून त्याचे एकात एक असलेले तट कड्यापाशी येऊन तुटतात. समुद्राकडची बाजू उघडी आहे. सुमारे १४ एकरांचा हा विस्तार एका काळात उभा राहिलेला नाही. १९९० च्या दशकातील उत्खननात येथे घरांचे अवशेष आणि कांस्याच्या ओतकामाचे साचे मिळाले, आणि वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे १५०० पर्यंत मागे जाते असे दिसले. तटांना दिलेले धिरे मात्र एकोणिसाव्या शतकातील डागडुजीचे आहेत. त्यांना मूळ बांधकाम समजू नये.

काळा कोट तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूशिरावर आहे. येथे वर्तुळाची गरजच नव्हती. भूशिराच्या मानेवर एक जाड तट आडवा घातला की काम झाले. आत दगडी झोपड्यांचे अवशेष आहेत. त्याला धाकटी प्रतिकृती म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण भूगोल वाचण्याची ती निराळीच रीत आहे.

डून एन्गसासाठी किलमर्वी येथे तिकीट घेऊन सुमारे एक किलोमीटर चढावे लागते. त्याच दिवशी पश्चिमेची ‘सात चर्चेस’ पाहावीत. नाव सातांचे असले तरी चर्च दोनच आहेत. काळ्या कोटाकडे तिकीट नाही, किलरोननच्या बाजूने खडकाळ वाट तुडवत जावे लागते. जवळच किलीनीच्या टेकडीवर टेंपल बेनन हे अगदी चिमुकले चर्च आहे, आणि इतर चर्चप्रमाणे पूर्व-पश्चिम नसून ते उत्तर-दक्षिण बांधलेले आहे. दोन्ही कोटांच्या कड्यावर कठडा नाही, म्हणून वाऱ्याच्या दिवशी कडेपासून दूरच राहावे.