मागितलेले आणि वापरलेले

डेटा सेंटरमधील हजारो सर्व्हर अहोरात्र चालू असतात म्हणजे ते सगळे कामातही असतात, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात चालू असणे आणि कामात असणे यांत मोठे अंतर असते, आणि या अंतराचे मूळ यंत्रात कमी, माणसाच्या धास्तीत अधिक असते. आपल्या प्रोग्रॅमला किती कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि किती मेमरी लागेल हे ज्याने त्याने आधी सांगायचे असते. ऐन गर्दीच्या वेळी सेवा कोलमडू नये म्हणून जो तो ते वाढवूनच सांगतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागांसारखी ही मेमरी असते: भरलेली दिसते, पण तिच्यावर कोणी बसलेले नसते.

यावर सगळी यंत्रे काठोकाठ भरून चालवा, असा सोपा उपाय सुचतो, पण तो चालत नाही, कारण कामे ठरावीक अंतराने येत नाहीत. रांगेच्या सिद्धांतातील सर्वांत साध्या नमुन्यानुसार, सर्व्हर निम्मा वेळ कामात असेल तर विनंती पूर्ण व्हायला सरासरीने मूळ कामाच्या दुप्पट वेळ लागतो. तो ८० टक्के वेळ कामात असेल तर पाचपट, ९० टक्के असेल तर दहापट आणि ९५ टक्के असेल तर वीसपट. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेलिफोनच्या लाइनींसाठी मांडलेल्या गणितातून हा सिद्धांत वाढला. म्हणजे काही जागा मोकळी ठेवावीच लागते. प्रश्न असतो तो ती प्रत्येकाने आपापली ठेवायची की सर्वांनी मिळून.

समजा, १०० सेवा आहेत, प्रत्येकीला सरासरी १० कोअर लागतात आणि या गरजेचे प्रमाण विचलन, म्हणजे ती सरासरीपासून साधारण किती वरखाली होते याचे माप, ५ कोअर आहे. प्रत्येकीने स्वतंत्र यंत्रे घेतली आणि सुरक्षिततेसाठी सरासरीवर तीन विचलने धरली, तर प्रत्येकी २५, म्हणजे एकूण २,५०० कोअर विकत घ्यावे लागतील. सगळ्यांचा साठा एकत्र केला तर सरासरी १,००० होते, पण विचलन १०० पटीने न वाढता वर्गमुळाच्या नियमाने १० पटीनेच वाढून ५० होते, आणि तेवढीच खबरदारी घेऊन १,१५० कोअर पुरतात. मात्र एकीची गर्दी दुसरीच्या गर्दीशी बांधलेली नाही, हे येथे गृहीत धरले आहे. लग्नसराईत गावातल्या सगळ्यांना एकाच मुहूर्तावर कार्यालय हवे असते, तेव्हा वर्षभराची सरासरी कामाला येत नाही. क्रिकेटच्या अंतिम सामन्याच्या संध्याकाळी सर्व्हरांचेही तसेच होते.

म्हणून एकत्र नांदवायची ती एकाच स्वभावाची कामे नव्हेत, तर निरनिराळ्या स्वभावांची. गुगलने कोणते काम कोणत्या यंत्रावर चालवायचे हे ठरवणारी ‘बॉर्ग’ नावाची आपली अंतर्गत यंत्रणा बराच काळ वापरल्यानंतर २०१५ मध्ये तिचे तपशील शोधनिबंधातून प्रसिद्ध केले, त्यांत याचा उत्तम नमुना दिसतो. बॉर्गच्या मध्यम आकाराच्या एका ‘सेल’मध्ये, म्हणजे एकत्र चालवलेल्या यंत्रांच्या समूहात, सुमारे १०,००० यंत्रे असतात आणि त्यांवर दोन प्रकारची कामे शेजारीशेजारी चालतात: शोध किंवा ई-मेल यांसारख्या, क्षणात उत्तर द्याव्या लागणाऱ्या सेवा, आणि काही तास किंवा काही दिवस चालणारी, थोडी मागे पडली तरी चालणारी हिशेबाची कामे. या दोहोंसाठी वेगवेगळी यंत्रे ठेवली असती, तर मध्यम सेलमध्ये २० ते ३० टक्के अधिक यंत्रे लागली असती.

ही बचत मुख्यतः उसनवारीतून होते. नवे काम सुरू झाले की पहिली ३०० सेकंद त्याने मागितलेले सगळे त्याच्यासाठी राखून ठेवतात. त्यानंतर हा राखीव वाटा हळूहळू खाली आणत प्रत्यक्ष वापर आणि त्यावर सुरक्षिततेची थोडी भर एवढ्यावर आणतात, आणि वापर वाढू लागला की तो चटकन पुन्हा वाढवतात. मधल्या काळात मोकळ्या झालेल्या जागेवर दुय्यम कामे बसवली जातात. मध्यम सेलमध्ये सुमारे २० टक्के काम अशा उसन्या जागेवर चालत होते. महत्त्वाच्या सेवांना जागा देताना मात्र इतरांचा खरा वापर न पाहता त्यांची पूर्ण मागणीच धरली जाते, म्हणजे त्या उसन्या जागेवर कधीच विसंबत नाहीत.

मूळ मालकाला आपली जागा अचानक हवी झाली तर काय होते, हे ती जागा कशाची आहे यावर ठरते. प्रोसेसरचा वेळ दाबता येतो: दुय्यम कामाला तो कमी दिला की ते मंदावते, पण जिवंत राहते. मेमरी अशी दाबता येत नाही. ती संपली की कोणाला तरी उठवावेच लागते, आणि बॉर्ग सर्वांत खालच्या प्राधान्याच्या कामापासून सुरुवात करून, उरलेल्यांना पुरेल इतकी जागा होईपर्यंत एकेक काम बंद करत जाते. बंद पडलेले काम पुन्हा रांगेत लागते आणि दुसऱ्या एखाद्या यंत्रावर सुरू होते. असे मधेच मारले जाणे सोसणारी कामे हाताशी नसतील, तर ही सारी उसनवारी उभीच राहू शकत नाही.

वाटपात आणखी एक अडचण अशी की संसाधने एकाहून अधिक असतात. मेमरी संपलेल्या यंत्रावरचे मोकळे कोअर कोणाच्याच उपयोगाचे नसतात. न्याय्य वाटा ठरवतानाही हाच पेच येतो. समजा ३० कोअर आणि १२० जीबी मेमरी दोन गटांत वाटायची आहे. पहिल्याच्या प्रत्येक कामाला १ कोअर आणि ८ जीबी लागते, दुसऱ्याच्या प्रत्येक कामाला २ कोअर आणि २ जीबी. सरळ निम्मेनिम्मे केले तर दोघांचीही सातसातच कामे बसतात. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी मांडलेली रीत वेगळी आहे: ज्याला जे संसाधन सर्वाधिक प्रमाणात लागते, त्यातला त्याचा वाटा मोजायचा आणि हे वाटे समान ठेवायचे. या रीतीने दोघांची दहादहा कामे बसतात, पहिल्याला दोन तृतीयांश मेमरी मिळते आणि दुसऱ्याला दोन तृतीयांश कोअर. दोघे भाऊ भाकरीचे दोन सारखे तुकडे करण्याऐवजी एकाने पापुद्रा आणि दुसऱ्याने खालचा भाग घ्यावा, तसे हे आहे.

एवढे करूनही मूळ मागणी फुगलेलीच राहते. गुगलमध्ये गट काही महिन्यांसाठीचा कोटा आधीच विकत घेतात, आणि पुढे वापरकर्ते वाढले तर तुटवडा पडू नये म्हणून गरजेपेक्षा जास्तच घेऊन ठेवतात. यंत्रणेने त्यांना समजावत न बसता सर्वांत खालच्या प्राधान्याला प्रत्येकाला अमर्याद कोटा देऊन टाकला. जागा असेल तर काम चालेल, नसेल तर थांबेल. पुढे तर आकडा सांगण्याचे कामच माणसाकडून काढून घेण्याचा प्रयत्न झाला. ‘ऑटोपायलट’ ही यंत्रणा मागचा वापर पाहून प्रत्येक कामाची मर्यादा स्वतः ठरवते. तिच्याविषयीच्या २०२० च्या शोधनिबंधानुसार, माणसांनी मर्यादा ठरवलेल्या कामांत मागितलेल्यापैकी ४६ टक्के न वापरता पडून राहत होते, तर ऑटोपायलटच्या हाती असलेल्या कामांत २३ टक्के. मोकळी जागा निम्मी झाली म्हणजे मेमरी संपून कोसळणारी कामे वाढली असतील, असे वाटेल. उलट, अशा कोसळण्याचा मोठा फटका बसणाऱ्या कामांची संख्या दहा पटींनी घटली. माणसे जागा जास्त मागत होती हे खरे, पण जिथे ती हवी होती तिथे मागत नव्हती.