आकडे पन्नास, नमुने दहा

कोल्हापूरकडे गुऱ्हाळं पेटली की एमएस्सीच्या प्रकल्पांनाही विषय मिळतो. काहिलीतल्या रसाची मळी काढायला कुणी रानभेंडीचा चिकट रस घालतं, कुणी रंग उजळायला हायड्रॉस ही रासायनिक पूड. मग दोन्ही गुळांच्या ओलाव्यात फरक पडतो का? प्रश्न चांगला आहे. दोन्हींच्या पाच-पाच ढेपी, प्रत्येकीचे पाच तुकडे. झाले पन्नास आकडे.

पुढचं काम बरेच जण ‘आर’वर करतात. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेलं हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आज्ञा टाइप करायचा कंटाळा असेल तर माउसवर चालणारं ‘जामोवी’ आहे. तेही फुकट, आणि आतून आरच वापरतं. कुठलं शिकावं यावर उगाच वाद होतात.

एक्सेलमध्ये ‘५.२’ देवनागरीत टाइप केलं, तर आरला तो आकडा नव्हे, मजकूर वाटतो. सरासरी मागितली की इशारा येतो. ही चूक परवडली, निदान लगेच ओरडते तरी.

न ओरडणारी चूक त्या पन्नास आकड्यांत आहे. एका ढेपीचे पाचही तुकडे एकाच आदणातले, म्हणजे एकाच वेळी कढवलेल्या रसातले: तोच रस, तोच जाळ, तोच गुळव्या. त्यांचा ओलावा एकमेकांसारखा असणारच. म्हणजे प्रत्येक गटात खरे नमुने पाच, पंचवीस नव्हेत. दोन गटांच्या सरासऱ्या ताडून पाहणाऱ्या टी-टेस्टला हे कुठून कळणार? सरासरीची प्रमाण-त्रुटी, म्हणजे ती किती डळमळीत आहे याचं माप, काढताना नमुनासंख्येच्या वर्गमुळाने भागतात. पाचाच्या जागी पंचवीस आले की ती निम्म्याहूनही कमी दिसते, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ या रूढ मर्यादेच्या खाली घसरू शकते आणि एखाद्या आदणाचा गुण भेंडीच्या नावावर जमा होतो.

त्यापेक्षा प्रत्येक ढेपीची सरासरी घ्यावी आणि पाचांची पाचांशी तुलना करावी. आर आपणहून वेल्चची टी-टेस्ट करतो. दोन्ही गटांतला पसारा सारखा असलाच पाहिजे, अशी तिची अट नसते. तुकड्यांचे आकडेही वापरायचे असतील तर एका आदणातले आकडे एकमेकांसारखे असतात हे हिशेबात घेणारं मिक्स्ड मॉडेल आहे, पण त्यालाही कुठला तुकडा कुठल्या आदणातला हे सांगावं लागतं.

प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे बहुधा शवविच्छेदनच, असं ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्ये कोलकात्यात सांगितलं होतं. तेव्हा तक्त्यात आदणाचा रकाना गुऱ्हाळावर जायच्या आधीच आखावा. हंगाम सरल्यावर गुळव्याला विचारलंत, तर तो तुम्हाला फार तर चहा पाजेल.