ओपन बॅफल स्पीकरला वूफरची जोड

पेटी नसलेल्या, नुसत्या फळीवर बसवलेल्या फुल रेंज स्पीकरला खालच्या स्वरांसाठी वेगळा मोठा वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, जोडण्याची पद्धत. ती प्रामुख्याने घरी स्पीकर बांधणाऱ्या हौशी मंडळींची आहे. एकच ड्रायव्हर, म्हणजे शंकू आणि चुंबकाचा आवाज काढणारा भाग, गाण्याचा बहुतेक पल्ला सांभाळतो, त्यामुळे गळा एकसंध ऐकू येतो आणि पेटीचा घुमारा त्यात मिसळत नाही. उणीव खर्जात राहते. ती भरताना वरचा मोकळेपणा जपणे, हे या कामातले खरे कौशल्य.

रचना मुळात जुनी आहे. घरोघरच्या व्हॉल्व्ह रेडिओच्या मागे छिद्रे पाडलेला पुठ्ठा असे. स्पीकरची मागची बाजू मोकळीच राही आणि लाकडी कॅबिनेट फळीचे काम करी. मुंबईच्या चोरबाजारात असे रेडिओ अजून दिसतात. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी हवाबंद पेटीचा छोटा स्पीकर पुढे आणल्यावर घरगुती संगीतातून उघडी फळी मागे पडत गेली.

खर्ज का हरवतो, हे समजण्यासारखे आहे. शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मागची लाट फळीला वळसा घालून पुढे येते. उंच स्वरांत वळशाची लांबी तरंगलांबीच्या मानाने मोठी असते, म्हणून फारसे बिघडत नाही. ४० हर्ट्झची तरंगलांबी मात्र सुमारे ८.६ मीटर. तिच्यापुढे ३० सेंटिमीटरचा वळसा नगण्य, आणि दोन्ही लाटा एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. असा वळसा देणाऱ्या, साधारण ६० सेंटिमीटर रुंद फळीवर २०० हर्ट्झच्या आसपास ही घट सुरू होते आणि दर सप्तकाला ६ डेसिबलने वाढत जाते. ड्रायव्हरच्या स्वतःच्या अनुनादाच्या, म्हणजे त्याचा शंकू आपोआप सर्वांत सहज डोलतो त्या वारंवारतेच्या, खाली गेल्यावर ती सप्तकाला १८ डेसिबल होते.

फळी रुंद करून हे भागत नाही. ४० हर्ट्झपर्यंत घट टाळायची तर फळी नऊ फुटांहून रुंद हवी, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत जवळपास आख्खी भिंत. इक्वलायझरने खर्ज चढवणे हा त्याहून वाईट उपाय. उघड्या फळीवर एक सप्तक खाली तेवढाच आवाज हवा असेल, तर शंकूला आठपट हालचाल करावी लागते. आठ इंची फुल रेंजचा हलका कागदी शंकू मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या हालचालीसाठीच बनलेला असतो. डग्ग्याच्या घुमकेसाठी तो मागेपुढे धावू लागला की त्याच शंकूवरचा गायकाचा स्वर थरथरतो. म्हणून वूफर जोडल्याचा मोठा लाभ खर्जापेक्षा मधल्या सप्तकात ऐकू येतो. खालचे ओझे उतरलेला लहान ड्रायव्हर मोकळेपणाने गाऊ लागतो.

वूफर निवडताना क्षेत्रफळ सर्वांत महत्त्वाचे. पंधरा इंची वूफरचा शंकू आठ इंचीच्या सुमारे चौपट, म्हणजे तेवढ्याच हालचालीत १२ डेसिबल जास्त. ३० सेंटिमीटरच्या वळशाने ४० हर्ट्झवर हरवतात सुमारे १३ डेसिबल. हिशेब जेमतेम जुळतो, म्हणूनच बरेच जण बाजूला दोन वूफर लावतात. दुसरी गोष्ट क्यूटीएसची, म्हणजे अनुनादापाशी शंकूचे डोलणे किती आवरले जाते ते सांगणाऱ्या आकड्याची. आकडा जितका लहान, तितका आवर जास्त. पेटीसाठी ०.३ ते ०.४ चा, जबर चुंबकाचा वूफर उत्तम मानला जातो. उघड्या फळीवर तोच कोरडा वाजतो. इथे ०.७ किंवा त्याहून जास्त क्यूटीएस कामाचा, कारण अनुनादापाशी येणारा उंचवटा फळीची घट थोडी भरून काढतो. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मोठ्या कार्यक्रमांसाठी बनवलेले पंधरा इंची वूफर भरपूर मिळतात. ते बहुधा जबर चुंबकाचे असतात, तेव्हा वॅट पाहून घेऊ नयेत. छापील आकडे नसतील तर इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) मोजून क्यूटीएस काढता येतो.

किती खर्ज लागतो, हे ऐकणाऱ्यावर ठरते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागते, बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ वर. ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला ६० हर्ट्झपर्यंतची फळी पुरते.

वूफर आणि फुल रेंज ड्रायव्हर यांची सांधणी, म्हणजे एकाने सोडून दुसऱ्याने धरायची जागा, बहुधा १०० ते ३०० हर्ट्झच्या दरम्यान असते. पॅसिव्ह क्रॉसओव्हर, म्हणजे अॅम्प्लिफायरनंतर कॉइल आणि कपॅसिटरने स्वर वाटून देणारे सर्किट, इथे महाग पडते. आठ ओहमच्या वूफरला २०० हर्ट्झवर सप्तकाला ६ डेसिबलच्या उतारासाठी ६.४ मिलिहेन्रीची कॉइल आणि वरच्या ड्रायव्हरला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. शिवाय अनुनादापाशी ड्रायव्हरचा इम्पिडन्स आठ ओहम राहतच नाही, त्यामुळे कागदावरचा उतार प्रत्यक्षात उतरत नाही. वूफरला वेगळा अॅम्प्लिफायर आणि आधी डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारे उपकरण), हा मार्ग सरळ आहे. फळीची घट तिथेच भरता येते आणि दोघांच्या संवेदनक्षमतेतला, म्हणजे तेवढ्याच वॅटला निघणाऱ्या आवाजातला, फरकही मिटतो. सप्तकाला २४ डेसिबलचा लिंक्विट्झ-रायली उतार १९७६ पासून प्रचारात आहे. त्यातले सिगफ्रीड लिंक्विट्झ (१९३५–२०१८) यांनी पुढे ओरियन आणि एलएक्स५२१ हे उघड्या फळीचे स्पीकर रचले. जुळणी झाली की एका ड्रायव्हरच्या तारा उलट करून मायक्रोफोनने मोजावे. सांध्यावर खोल खड्डा पडला, तर सुलट जोडणी बरोबर आहे.

वळसा लांबवण्यासाठी वूफर एच किंवा यू आकाराच्या उघड्या चौकटीत बसवतात. मात्र ४० सेंटिमीटर खोल यू चौकट २०० हर्ट्झच्या आसपास नळीसारखी घुमते, म्हणून तिची सांधणी बरीच खाली ठेवावी लागते. पाऊण इंची प्लायला मागून आडव्या पट्ट्यांचा आधार हवा, नाहीतर जड शंकूच्या धक्क्याने आख्खी फळी हलते. मुंबईच्या हवेत साध्या कमर्शियल प्लायच्या कडा फुगतात. आयएस ७१० प्रतीचा मरीन प्लाय घ्यावा आणि वूफरच्या भोकाच्या कडाही सीलर लावून बंद कराव्यात. पावसाळ्यात उघडा कागदी शंकू ओल धरतो, चुंबकाभोवतीचे लोखंड गंजते. मागून पातळ कापड ताणलेले बरे.

जागेचा प्रश्न शेवटी उरतोच. फळीमागे साधारण एक मीटर मोकळे हवे, आणि बारा फुटी खोलीत ते चौथ्या हिश्शाहून जास्त. ऐकताना फळ्या पुढे ओढून, फरशीवरच्या खुणांवर ठेवणे व्यवहार्य आहे. कपाट बाजूला असले तर चालते, कारण अगदी बाजूच्या दिशेला ही फळी जवळपास गप्प असते. बारा फुटी खोलीचा पहिला अनुनाद सुमारे ४७ हर्ट्झवर येतो. त्याखाली बंद पेटीला खोलीचा आधार मिळतो, उघड्या फळीला मिळत नाही. त्यामुळे ५० हर्ट्झच्या वर दुतर्फा वाजणारे वूफर आणि त्याखाली हवे तर छोटा बंद सबवूफर, ही विभागणी लहान हॉलला सर्वांत मानवते. सबवूफरच १५० हर्ट्झपर्यंत वर खेचला, तर डग्गा पेटीतून आणि तबला फळीतून वाजल्यासारखा वाटतो.