‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळू नका

निपाणी-खानापूरकडं पोटात कळ आली की आजी तेलाची वाटी घेऊन बसते: "बेंबी सरकली गं, चोळून बसवते." बेंबी म्हणजे नाळेचा वण, तो कुठं सरकणार? कळ ओटीपोटात डावीकडं एकाच जागी ठाण मांडून बसली, दाबलं की जीव कळवळतो, सोबत ताप, मळमळ, शौचाची घडी बिघडलेली, तर डायव्हर्टिक्युलायटिसची शंका घ्यावी. यात मोठ्या आतड्याच्या भिंतीला आलेले बारीक फुगे सुजतात. आशियाई लोकांत हे उजवीकडंही बरंच आढळतं, मग अपेंडिक्सच वाटतं. सीटी स्कॅनवर उलगडा होतो. (मक्याचे दाणे अडकून होतं, हेही खोटंच. २००८ च्या अमेरिकी अभ्यासात ४७ हजार पुरुषांत तसं दिसलं नाही.) पोट फळीसारखं ताठ झालं, तर तेलाची वाटी खाली ठेवा आणि गाडी काढा.