रक्तवाहिन्या, मेंदू आणि कर्करोग यांवरील वैद्यकीय चाचण्या : सहभागापूर्वी वाचावयाची माहिती

डॉक्टरांनी एखाद्या वैद्यकीय चाचणीत, म्हणजे उपचार किंवा तपासणी रुग्णांवर पडताळून पाहणाऱ्या अभ्यासात, सहभागी होण्याचा पर्याय सुचवला की बहुतेक कुटुंबे आमच्याकडे दोन प्रश्न घेऊन येतात : उपचार नवा आहे म्हणजे तो अधिक चांगला असेलच ना, आणि आमच्या माणसावर प्रयोग तर होणार नाही ना. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांची उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी देता येत नाहीत. आमचे काम उपचार करण्याचे नाही. संशोधन करणारे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये राहून कागदपत्रे समजावून सांगणे, तपासण्यांच्या तारखा सांभाळणे आणि नोंदी वेळेवर पोहोचवणे एवढेच आम्ही करतो. सहभागी व्हावे की नाही, याचा सल्ला आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

नवा उपचार आणि चांगला उपचार

मेंदूला रक्त पुरवणारी धमनी बंद झाली असेल, तर डोक्याच्या त्वचेखालील धमनी कवटीच्या आत नेऊन मेंदूच्या धमनीला जोडावी, म्हणजे रक्ताला दुसरी वाट मिळेल, ही कल्पना ऐकताक्षणी पटण्यासारखी आहे, आणि एके काळी ही शस्त्रक्रिया अनेक ठिकाणी केलीही जात होती. १९८५ साली १,३७७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा शस्त्रक्रियेने केलेल्या जोडण्यांपैकी ९६ टक्के खुल्या असल्याचे दिसले. शस्त्रक्रिया म्हणून काम चोख झाले होते. पक्षाघाताचे प्रमाण मात्र केवळ औषधे घेणाऱ्या रुग्णांपेक्षा कमी झाले नव्हते. मेंदूच्या आतील अरुंद धमनीत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवण्याच्या बाबतीतही २०११ साली असाच अनुभव आला. पहिल्या ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण स्टेंटच्या गटात १४.७ टक्के, तर काटेकोर औषधोपचाराच्या गटात ५.८ टक्के निघाले, आणि नव्या रुग्णांची नोंदणी मध्येच थांबवण्यात आली.

यावरून शस्त्रक्रियेपेक्षा औषधेच बरी, असाही अर्थ काढू नये. मानेतील कॅरोटिड धमनी ७० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंद झालेल्या आणि नुकताच पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये, धमनीतील थर काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्या बाजूच्या पक्षाघाताचा दोन वर्षांतील धोका २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला, असे १९९१ च्या चाचणीत आढळले. तीनही ठिकाणी प्रश्न अडलेल्या रक्तवाहिनीचाच होता, तरी तर्काने कोणता उपाय टिकेल आणि कोणता पडेल हे आधी सांगता आले नसते. चाचणी घेण्याचे कारण हेच.

निदानावर उपचाराचे यश कसे ठरते

मेंदूच्या मोठ्या धमनीत अडकलेली गुठळी मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी नेऊन ओढून काढण्याचा उपचार आज प्रस्थापित आहे. परंतु २०१३ साली एकाच सुमारास प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांमध्ये त्याचा फायदा दिसला नव्हता. त्यांतील अनेक रुग्णांच्या मोठ्या धमनीत गुठळी आहे याची खात्री अँजिओग्राफीने (रक्तवाहिन्यांच्या प्रतिमा घेणाऱ्या तपासणीने) आधी केलेली नव्हती, साधने जुनी होती आणि उपचाराला वेळही लागत होता. नंतरच्या चाचण्यांनी स्कॅनवर गुठळी दिसलेल्याच रुग्णांची निवड केली. नेदरलँड्समधील ५०० रुग्णांच्या चाचणीत (२०१५) तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण १९.१ टक्क्यांवरून ३२.६ टक्क्यांवर गेले. उपचाराचे तत्त्व तेच होते. योग्य रुग्ण ओळखण्याची पद्धत सुधारली होती. म्हणूनच सहभागाची पात्रता ठरवताना वारंवार स्कॅन आणि तपासण्या मागितल्या जातात. हा त्रास वाटतो याची आम्हांला कल्पना आहे. पण ज्याला फायदा होण्याची शक्यता नाही त्याला उपचाराचा धोका पत्करायला लावू नये, हाही त्यामागचा हेतू असतो.

निदानाच्या पद्धतीचीही चाचणी घ्यावी लागते. दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून अधिक लोकांच्या अमेरिकेतील अभ्यासात कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे, साध्या एक्स-रेच्या तुलनेत, फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात, स्कॅनवर संशयास्पद ठरलेल्या निष्कर्षांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक निष्कर्ष कर्करोगाचे नव्हते. फायदा आणि अकारण धास्ती, दोन्ही एकाच तपासणीतून आली.

परिणाम कसा मोजला जातो

कर्करोगाच्या रुग्णांकडून आम्हांला सर्वाधिक प्रश्न येतात ते स्कॅनच्या अहवालातील एका शब्दाविषयी. गाठ लहान झालेली दिसत असताना अहवालात ‘आजार स्थिर’ असे का लिहिले, असे विचारले जाते. घट्ट गाठींच्या चाचण्यांत सामान्यतः जास्तीत जास्त पाच गाठी, एका अवयवातील दोनपेक्षा अधिक नाहीत, अशा निवडून त्यांचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात आणि त्यांची बेरीज करतात. बेरीज किमान ३० टक्के घटली तरच ‘अंशतः प्रतिसाद’ मानतात. आधीच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा ती २० टक्के आणि निदान ५ मिलिमीटर वाढली, किंवा नवी गाठ दिसली, तर ‘आजार वाढला’ असे नोंदवतात. ५० ची बेरीज ४२ झाली तर घट १६ टक्केच होते, म्हणून नोंद ‘स्थिर’ अशी होते. उपचार फसला, असा त्याचा अर्थ नाही.

गाठीचे मोजमाप आणि रुग्णाचे आयुष्य यांचा संबंध दर वेळी सरळ नसतो, त्यामुळे मोठ्या चाचण्या शेवटी आयुर्मान पाहतात. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीवर रेडिओथेरपीबरोबर टेमोझोलोमाइड हे कर्करोगाचे औषध दिल्याने मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक काळ जगतात तो काळ) १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. अडीच महिने कमी वाटतील. पण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के झाले, आणि हा दुसरा आकडा कुटुंबांना आवर्जून सांगावा असे आमचे मत आहे.

पक्षाघाताच्या चाचणीत तीन महिन्यांनी, रुग्णाला कोणता उपचार मिळाला हे ठाऊक नसलेली व्यक्ती भेटते किंवा फोन करते आणि साधे प्रश्न विचारते : एकट्याने चालता का, आंघोळीला मदत लागते का, पूर्वी पाहत होता ते घरचे व्यवहार आता पाहता का. त्यावरून शून्य ते सहा यांपैकी एक अंक दिला जातो. शून्य म्हणजे कोणतीही तक्रार नाही आणि सहा म्हणजे मृत्यू. अशा वेळी नातेवाइकांनी कौतुकापोटी ‘सगळं स्वतः करतात हो’ असे सांगू नये, जे आहे तेच सांगावे, आणि कोणता उपचार झाला हे त्या व्यक्तीला कळू देऊ नये.

गट, संमती आणि माघार

कोणत्या गटात जायचे हे संगणकाने केलेल्या सोडतीवर ठरते. डॉक्टर, रुग्ण किंवा आम्ही ते निवडू शकत नाही. प्रभावी उपचार उपलब्ध असताना गंभीर आजाराच्या रुग्णाला केवळ प्लासिबो (औषधासारखे दिसणारे, पण औषध नसलेले) देऊन ठेवले जात नाही. सहसा प्रचलित उपचार सर्वांना मिळतो आणि नव्या औषधाची किंवा प्लासिबोची त्यात भर पडते. पहिल्या टप्प्यातील चाचणीचा मुख्य उद्देश सुरक्षित मात्रा शोधणे हा असतो, म्हणून तीत फायद्याची अपेक्षा धरून येऊ नये.

संमतीपत्रात धोक्याची पाने लांबलचक असतात आणि नेमकी तीच वगळली जातात. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या १९९५ च्या चाचणीत, पक्षाघाताच्या झटक्यानंतर तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांना तीन महिन्यांनी नगण्य किंवा शून्य अपंगत्व असण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी अधिक होती, आणि त्याच औषधाने मेंदूत लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव ६.४ टक्के रुग्णांना झाला. प्लासिबोच्या गटात हे प्रमाण ०.६ टक्के होते. दोन्ही आकडे समोर ठेवूनच निर्णय व्हायला हवा. रुग्णाची वाचा गेली असेल तर जवळच्या नातेवाइकाची संमती घेतात, आणि रुग्ण सावरल्यावर त्याला पुन्हा विचारतात. चाचणीतून कधीही, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात खंड पडत नाही. मात्र औषध परस्पर बंद न करता आधी कळवावे, कारण काही औषधे हळूहळू कमी करावी लागतात.

भेटीस येताना छापील अहवालासोबत स्कॅनची सीडीही आणावी, कारण मोजमाप प्रतिमांवरच होते. सुरू असलेली सर्व औषधे, विशेषतः रक्त पातळ करणारी, त्यांच्या वेष्टनांसह आणावीत. तोंड अचानक वाकडे होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसल्यास आमच्याशी संपर्क साधण्यात वेळ न घालवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे आणि तो शेवटचा ठीक कधी दिसला होता, ती वेळ तेथील डॉक्टरांना सांगावी.