दहा जणांची धडक म्हणजे दसपट मार? हार्वर्डच्या 1892 च्या पाचरीचं गणित

अमेरिकन फुटबॉलच्या जुन्या इतिहासात 'फ्लाइंग वेज' म्हणजे उडत्या पाचरीचा (खेळाडूंनी पाचरीच्या आकारात एकत्र पळत येऊन घुसायची चाल) विषय निघाला की एक गणित हमखास येतं, दहा खेळाडू गुणिले 80 किलो म्हणजे 800 किलोचा ठोकळा पळत येऊन एका माणसावर आदळला, म्हणजे दसपट मार. ऐकायला भारी आहे, पण आपण शाळेत शिकलो ते संवेगाचं (वस्तुमान गुणिले वेग) गणित नीट मांडलं तर उत्तर वेगळंच येतं.

आधी किस्सा. 1892 च्या सीझनमध्ये हार्वर्ड कॉलेजच्या टीमने सगळ्यांना हरवलं, फक्त येल या प्रतिस्पर्धी कॉलेजला सोडून. येलचे सामने म्हणजे त्यांच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न, त्यामुळे 19 नोव्हेंबरला स्प्रिंगफील्डच्या मैदानावर त्यांनी जपून ठेवलेला हुकमाचा एक्का काढला. ही आयडिया लोरिन डिलँड नावाच्या माणसाची. हा बुद्धिबळाचा शौकीन, नेपोलियनच्या लढायांचा अभ्यास केलेला, आणि फुटबॉल स्वतः कधीच खेळलेला नाही! हाफटाइमला स्कोअर 0-0. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला हार्वर्डचे खेळाडू दोन तुकड्या करून दोन बाजूंना बरंच मागे जाऊन उभे राहिले, इशारा मिळाल्यावर तिरके पळत आले आणि मधे एकत्र येऊन त्यांची पाचर झाली. कॅप्टन ट्रॅफर्डने बॉलला पायाने नुसता स्पर्श केला (तेव्हा किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करायची किक, म्हणून एवढं चालायचं), उचलून ब्रूअरकडे दिला, आणि ब्रूअर पाचरीच्या आडून तीसेक यार्ड पुढे.

आता माझा आवडता भाग. समजा येलचा 80 किलोचा एक खेळाडू जागेवर उभा आहे आणि समोरून तेवढ्याच वजनाचा एकच जण सेकंदाला 6 मीटर वेगाने आला, दोघं चिकटून पुढे गेले. संवेग कायम राहतो म्हणून दोघांचा वेग 3 मीटर. म्हणजे उभ्याला मिळाला 80 गुणिले 3, म्हणजे 240 न्यूटन-सेकंदाचा धक्का. आता एकाऐवजी घट्ट जोडलेले पाच जण घ्या, वेग राहतो 5, धक्का 400. दहा घ्या, वेग साधारण 5.45, धक्का 436. हजार घेतले तरी उभ्या माणसाचा वेग 6 च्या वर जाणार नाही, म्हणजे धक्का 480 वर अडकतो. दसपट नाही, फार तर दुप्पट! अर्थात दुप्पट काही कमी नाही, टक्कर 0.1 सेकंदात संपली असं धरलं तर 436 चा धक्का म्हणजे 4360 न्यूटन सरासरी बल, साडेचारशे किलोच्या आसपास वजन अंगावर आल्यासारखं, आणि डोक्यावर हेल्मेट जवळपास कुणाच्याच नव्हतं.

मग पाचरीचा फायदा कशात? तो दुसऱ्या बाजूने बघा. एकास एक टक्करीत आदळणाऱ्याचा वेग निम्मा होतो. दहास एक असेल तर फक्त 9 टक्के कमी होतो. म्हणजे पाचर थांबतच नाही, समोरचा पडतो आणि बाकीचे त्याच्यावरून जातात. पडलेल्याला मागे सरकायला जागा नाही, खाली जमीन, त्यामुळे त्या क्षणी वरचं दुप्पटवालं गणितच लागू नाही, खरी दुखापत तिथे. आणि 'घट्ट जोडलेले' ही अट विसरू नका, कबड्डीतली साखळी जशी हात ताणले गेल्यावरच एक होते तसं मागच्याचं वजन मधली फट मिटल्याशिवाय पुढच्यापर्यंत पोचत नाही, आणि तोवर टक्कर संपलेली असू शकते.

यावर कुणीतरी म्हणणारच की हा तर महाभारतातला सूचीमुख व्यूह, गोऱ्यांनी चोरला. अहो, टोकदार रचना करून घुसायचं हे जगभरच्या सैन्यांना सुचलेलं आहे, त्याला चोरी लागत नाही.

सामना मात्र येलनेच 6-0 जिंकला. टचडाउनचे (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याचे) तेव्हा 4 आणि त्यानंतर किक मारून केलेल्या गोलचे 2. येलवर त्या अख्ख्या सीझनमध्ये कुणालाच एक पॉइंटही करता आला नाही.

पुढच्या वर्षी बाकीच्या टीम्सनी पाचरीची कॉपी केली, मारामारी वाढली, आणि 1894 मध्ये नियम आला की किकऑफचा बॉल किमान 10 यार्ड गेलाच पाहिजे. म्हणजे पायाने टिचकी मारून स्वतःच उचलायची सोय गेली. लांबून पळत येऊन धडकण्यावरही बंधनं आली. तरी समोरच्यांनी किक केलेला बॉल पकडून पुढे आणताना हातात हात घालून छोटी पाचर करायची सवय काही गेली नाही, शेवटी 2009 मध्ये एनएफएलने (अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग) दोनपेक्षा जास्त खेळाडूंच्या पाचरीवर बंदी घातली.